ब्रिटिशकालीन कायदे आणि पनवेलच्या ठेवी

पनवेल, प्रतिनिधी

कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ९ ऑगस्ट २०२१ च्या आदेशान्वये रद्द केला आणि १३ ऑगस्टच्या संध्याकाळपासून पनवेलच्या या बँकेचे व्यवहार कायमचे बंद झाले. त्याआधी २०२० मध्ये बँकेच्या कारभाराबाबत फौजदारी गुन्हा दाखल झाला होता. विश्वासघात, फसवणूक, बनावट दस्तऐवज हे त्या गुन्ह्याच्या कागदपत्रांतील शब्द १८६० च्या भारतीय दंडविधानातून आलेले आहेत. १ जुलै २०२४ पासून हे दंडविधान इतिहासजमा झाले आणि त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यामुळे जुना कायदा गेला, मग जुन्या खटल्याचे काय, असा प्रश्न अनेक ठेवीदारांच्या मनात निर्माण होणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना कायद्याच्या दोन स्वतंत्र प्रवाहांचा विचार करावा लागतो. पहिला प्रवाह गुन्हा आणि शिक्षा यांचा. दुसरा प्रवाह बँक नावाच्या संस्थेला कायद्याने जन्म देण्याचा. हे दोन्ही प्रवाह एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, अवघ्या दोन-तीन दशकांच्या अंतराने, मुंबई इलाख्यात उगम पावले. ठेवीदाराचे पैसे कोणत्या कायद्याने परत मिळतात आणि कोणत्या कायद्याने मिळत नाहीत, याचे मर्म या दोन प्रवाहांतील फरकात दडलेले आहे.

बंदराचे गाव आणि १८२७ ची संहिता

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि पनवेलवर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल सुरू झाला. त्या काळी पनवेल हे खाडीवरचे गजबजलेले बंदर होते. मुंबईहून पडावाने पनवेलला उतरायचे आणि तेथून बोरघाट चढून पुण्याला जायचे, हा प्रवाशांचा आणि मालाचा नेहमीचा मार्ग होता. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर या मार्गाचे महत्त्व आणखी वाढले. तांदूळ आणि मीठ यांचा व्यापार येथून चाले. पैशाची देवघेव मात्र सराफाची पेढी, हुंडी आणि सावकाराची वही यांच्यावरच अवलंबून होती. १८५० च्या नगरपालिकाविषयक २६ व्या कायद्याचा आधार घेऊन पनवेलमध्ये १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली. बँक मात्र अद्याप दूर होती.

गुन्ह्यांसाठी मुंबई इलाख्यात तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत तयार झालेली १८२७ ची संहिता लागू होती. त्यातील चौदाव्या विनियमात गुन्हे आणि शिक्षा एकत्र नमूद केल्या होत्या. बंगाल आणि मद्रास इलाख्यांत इस्लामी फौजदारी कायद्याच्या चौकटीत विनियमांनी फेरबदल करून काम चालविले जाई. त्या तुलनेत मुंबई इलाख्याची संहिता अधिक सुटसुटीत होती. तरीही मुंबई शहरात सर्वोच्च न्यायालयामार्फत इंग्रजी कायदा चाले आणि खाडीपलीकडच्या पनवेलमध्ये कंपनीचा विनियम. त्यामुळे मुंबईच्या व्यापाऱ्याने केलेली लबाडी आणि पनवेलच्या व्यापाऱ्याने केलेली तीच लबाडी यांना दोन वेगळे कायदे लागू होत.

कायद्याने जन्मलेली बँक

१८४० च्या तिसऱ्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेची स्थापना झाली आणि १५ एप्रिल १८४० रोजी तिचे कामकाज सुरू झाले. तिचे भांडवल ५२ लाख २५ हजार रुपये होते. सरकार स्वतः भागधारक होते आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत. चलनी नोटा काढण्याचा अधिकारही बँकेला होता. तो अधिकार १८६१ च्या कागदी चलन कायद्याने काढून घेऊन सरकारने स्वतःकडे घेतला.

बँक कायद्याने निगमित होते म्हणजे नेमके काय होते, हे येथे समजून घेणे आवश्यक आहे. पेढी ही सराफाचीच असते. पेढी बुडाली तर सराफाच्या घरादारावर टाच येते. निगमित बँक मात्र कायद्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र व्यक्ती असते. तिची मालमत्ता तिची, तिचे कर्ज तिचे. संचालक येतात आणि जातात, बँक टिकून राहते. तिच्या नावाने दावा करता येतो आणि तिच्यावरही दावा लावता येतो. ठेवीदाराने काउंटरवर रक्कम भरली की त्या क्षणी ती रक्कम बँकेच्या मालकीची होते आणि ठेवीदार बँकेचा धनको ठरतो. ‘माझे पैसे बँकेत आहेत’ असे आपण म्हणतो. कायद्याच्या भाषेत मात्र ‘बँक मला पैसे देणे आहे’ एवढेच खरे असते.

अशा कृत्रिम व्यक्तीला आवर घालण्यासाठी सनदेतच बंधने घातलेली होती. दीर्घ मुदतीची कर्जे आणि स्थावर मालमत्तेवरील कर्जे यांना मज्जाव होता. प्रत्येक बँकेसाठी वेगळा कायदा करण्याची ही पद्धत पुढे अपुरी पडू लागली. १८५० च्या ४३ व्या कायद्याने संयुक्त भांडवली कंपन्यांच्या नोंदणीची सोय केली. १८५७ च्या १९ व्या कायद्याने भागधारकांचे दायित्व मर्यादित करण्याची मुभा दिली, पण त्यातून बँकांना वगळले. लोकांच्या ठेवी घेणाऱ्यांनी आपली जबाबदारी मर्यादित करू नये, असा त्यामागचा विचार होता. तीनच वर्षांत, १८६० च्या सातव्या कायद्याने, ही सवलत बँकांनाही मिळाली.

१८६५ चा धडा

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या कंपन्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन मिळविण्याच्या योजना आणि त्यांच्या शेअरवरील सट्टा यांना ऊत आला. याच सुमारास १८६३ मध्ये बँक ऑफ बॉम्बेसाठी नवा कायदा झाला. भांडवल वाढले, जुनी बंधने सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्जे देणे शक्य झाले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सटोडियांचा बँकेच्या कर्जवाटपावर मोठा प्रभाव होता.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर कागदाच्या मोलाचे झाले. बँक ऑफ बॉम्बे अखेर अवसायनात गेली आणि १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक उभी राहिली. चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. १८६३ च्या कायद्याने सैल केलेली बंधने, बँकेच्या सचिवांनी केलेला अधिकारांचा गैरवापर आणि सरकारनियुक्त संचालकांचे दुर्लक्ष अशी कारणे त्याच्या अहवालात पुढे आली. पुढे १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने तिन्ही इलाख्यांच्या बँकांवर पुन्हा कडक बंधने लादली आणि सरकारने आपले भाग काढून घेतले. २७ जानेवारी १९२१ रोजी या तीन बँकांची मिळून इंपीरियल बँक झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिचे रूपांतर स्टेट बँकेत झाले.

बंधने सैल होणे, मोजक्या हातांत कर्ज जाणे आणि देखरेख करणाऱ्यांनी डोळेझाक करणे, ही तीन कारणे त्यानंतरच्या प्रत्येक बँक बुडीच्या चौकशीत या ना त्या रूपात आढळतात.

मेकॉलेचा मसुदा

१८३३ च्या सनदी कायद्यानुसार पहिला विधी आयोग नेमला गेला. थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांच्या नेतृत्वाखाली त्याने १८३७ मध्ये दंडविधानाचा मसुदा सादर केला. तो दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिला. १८५७ च्या उठावानंतर राज्यकारभार कंपनीकडून राणीकडे गेला आणि ६ ऑक्टोबर १८६० रोजी ४५ वा कायदा म्हणून दंडविधान मंजूर झाले. १ जानेवारी १८६२ पासून ते अमलात आले. मुंबई शहर आणि पनवेल यांना एकच फौजदारी कायदा लागू झाला तो त्या दिवसापासून.

बँकेच्या दृष्टीने या दंडविधानातील कलम ४०५ ते ४०९ महत्त्वाची ठरली. विश्वासाने सोपविलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करणे म्हणजे फौजदारी विश्वासघात, अशी व्याख्या कलम ४०५ मध्ये होती. सामान्य माणसाने असा विश्वासघात केला तर शिक्षा सौम्य होती. लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा मुखत्यार यांनी केला तर कलम ४०९ नुसार जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास. ज्याच्यावर विश्वास अधिक त्याला शिक्षा अधिक, हे तत्त्व १८६० मध्येच मान्य झाले होते. कलम ४२० फसवणुकीसाठी, तर ४६७, ४६८ आणि ४७१ बनावट दस्तऐवजांसाठी होती.

मूळ दंडविधानात एक उणीव होती. हिशेबाच्या वह्यांत खोट्या नोंदी करणे हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. १८९५ च्या तिसऱ्या कायद्याने फौजदारी कायद्यात सुधारणा करून कलम ४७७-अ घातले गेले. कारकून, अधिकारी किंवा नोकर याने लबाडीच्या हेतूने वह्या-हिशेब खोटे केले, नोंदी गाळल्या किंवा नष्ट केल्या, तर सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. बोगस कर्जखात्यांच्या प्रकरणांत हेच कलम उपयोगी पडते.

दंडविधानातील सर्वच सुधारणा अशा लोकहिताच्या नव्हत्या. १८७० च्या २७ व्या कायद्याने राजद्रोहाचे कलम १२४-अ आणि सरकारविरुद्ध युद्धाच्या कटाचे कलम १२१-अ घालण्यात आले. पनवेल तालुक्यातील शिरढोणचे सुपुत्र वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये सशस्त्र बंड पुकारले. सावकारांवर धाडी घालून त्यांनी पैसा उभा केला. त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी त्याच वर्षी मे महिन्यात पनवेलजवळच्या पळस्पे येथे धाड घातली. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले. पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडमध्ये, आला. ठेवीदाराच्या संरक्षणाचे कलम आणि देशभक्ताला जन्मठेप देणारे कलम एकाच पुस्तकात होते, ही बाब या कायद्याचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

सावकाराकडून सहकाराकडे

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे उसळले आणि ते दख्खनभर पसरले. त्यावर उपाय म्हणून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयांना सावकारी व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला. पण सावकाराला पर्याय उभा केला नाही. तो पर्याय १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने दिला. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेची स्थापना झाली. १९११ मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. १९१२ च्या कायद्याने सहकाराची व्याप्ती वाढविली आणि १९२५ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा सहकारी संस्था कायदा केला. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर त्याची जागा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने घेतली. या अधिनियमाखाली नोंदणी झालेली बँकही १८४० च्या बँकेप्रमाणेच निगमित संस्था असते.

दरम्यान व्यापारी बँकांची पडझड सुरूच होती. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक आणि लाहोरची पीपल्स बँक बुडाली. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्यात बँकांसाठी फारशा वेगळ्या तरतुदी नव्हत्या. त्या १९३६ मध्ये आल्या. स्वतंत्र बँकिंग कायदा १९४९ मध्ये झाला आणि १ मार्च १९६६ पासून तो सहकारी बँकांना लागू झाला. तेव्हापासून सहकारी बँकेवर राज्याचा सहकार विभाग आणि रिझर्व्ह बँक असे दुहेरी नियंत्रण आले. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविले.

ठेवीदारांच्या दृष्टीने सर्वांत मोठी सुधारणा स्वातंत्र्यानंतरची आहे. १९६० मध्ये केरळमधील पालई सेंट्रल बँक बुडाल्यावर ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. सुरुवातीला मर्यादा होती अवघी १,५०० रुपये. १९९३ पासून ती एक लाख होती आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. ब्रिटिशांच्या एकाही कायद्यात अशी तरतूद नव्हती.

कर्नाळा बँकेचे प्रकरण

रायगड जिल्ह्याला बँक बुडण्याचा अनुभव नवा नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हाही हजारो कुटुंबे होरपळली. कर्नाळा बँकेच्या प्रकरणात बोगस कर्जखात्यांद्वारे ५०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम वळविल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे. बँकेचे माजी अध्यक्ष आणि माजी आमदार विवेक पाटील यांना सक्तवसुली संचालनालयाने जून २०२१ मध्ये अटक केली आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये सुमारे २३४ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली.

परवाना रद्द करताना पुरेसे भांडवल आणि उत्पन्नाची शक्यता नसल्याचे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून संपूर्ण रक्कम मिळेल, असेही त्या वेळी स्पष्ट केले. उरलेले पाच टक्के म्हणजे ज्यांच्या ठेवी पाच लाखांहून अधिक होत्या ते. निवृत्तीची रक्कम किंवा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे ज्याने एकाच बँकेत ठेवले, त्याच्यासाठी ही मर्यादा ओलांडणे अवघड नसते. विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारासाठी, एका बँकेतील सर्व शाखांतील खाती मिळून, मुद्दल आणि व्याज धरून असते. पाच लाखांवरील रकमेसाठी अवसायकाच्या वसुलीची वाट पाहावी लागते आणि त्या वसुलीतून विमा महामंडळाची रक्कम आधी फेडावी लागते.

जुने कलम, नवे कलम

दंडविधान रद्द झाले तरी त्याच्या काळात घडलेला गुन्हा रद्द होत नाही. गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा अमलात होता त्यानुसारच शिक्षा, हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. न्याय संहितेच्या कलम ३५८ नेही जुन्या प्रकरणांना संरक्षण दिले आहे. त्यामुळे कर्नाळा प्रकरणात १८६० चेच दंडविधान लागू राहते. १ जुलै २०२४ नंतर घडणाऱ्या गुन्ह्यांसाठी मात्र कलमे अशी बदलली आहेत:

बँकर किंवा लोकसेवकाने केलेला विश्वासघात: जुने ४०९, नवे ३१६ (५).

फसवणूक करून मालमत्ता घेणे: जुने ४२०, नवे ३१८ (४).

मूल्यवान रोख्याचे बनावटीकरण: जुने ४६७, नवे ३३८.

हिशेबात खोट्या नोंदी: जुने ४७७-अ, नवे ३४४.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त करून ती जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदाही मालमत्ता जप्तीची वाट दाखवतो. दोन ब्रिटिशकालीन कायदे मात्र आजही कायम आहेत. १८८१ चा चलनक्षम दस्तऐवज कायदा धनादेशाचे नियमन करतो. त्यातील न वटलेल्या धनादेशाचे कलम १३८ हे १९८८ च्या दुरुस्तीतून आले. १८९१ चा बँकांच्या वह्यांच्या पुराव्याचा कायदा बँकेच्या नोंदींची प्रमाणित प्रत न्यायालयात ग्राह्य ठरवतो. २००० नंतर त्यात संगणकीय नोंदींचाही समावेश झाला.

शिक्षा वेगळी, परतफेड वेगळी

फौजदारी कायदा आरोपीला शिक्षा देतो. ठेव परत करणे हे त्याचे मूळ काम नव्हे. कलम ४०९ खाली जन्मठेप झाली तरी ठेवीदाराच्या खात्यात एक रुपयाही आपोआप जमा होत नाही. परतफेडीचा मार्ग विमा, अवसायन, सहकार कायद्याच्या कलम ८८ नुसार जबाबदार संचालकांवर नुकसानीची निश्चिती आणि जप्त मालमत्तेची विक्री यांतून जातो. हे सर्व मार्ग बँकेला स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती मानणाऱ्या दुसऱ्या प्रवाहातील आहेत.

म्हणूनच पोलीस ठाण्यातील तक्रारीची प्रत जपून ठेवणे जितके आवश्यक, तितकेच अवसायकाकडे वेळेत दावा नोंदविणे, ठेवपावत्या आणि ओळखीची कागदपत्रे अद्ययावत ठेवणे आवश्यक आहे. बँक सुरू असतानाही काही गोष्टी सभासदाच्या हाती असतात. सहकारी बँकेचा सभासद हा मालकही असतो. वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल मागण्याचा आणि संचालकांना प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला आहे. पाच लाखांहून अधिक रक्कम एकाच बँकेत न ठेवता विभागून ठेवणे, हा त्याहून सोपा उपाय.

दंडविधानाच्या १८६० पासूनच्या प्रवासात कलमांचे क्रमांक बदलले, भाषा बदलली, राज्यकर्ते बदलले. बँकरवर इतरांपेक्षा अधिक विश्वास टाकला जातो म्हणून त्याची जबाबदारीही अधिक, हे तत्त्व मात्र जुन्या कलम ४०९ मधून नव्या ३१६ मध्ये जसेच्या तसे आले आहे.